ऑरेंज अलर्ट आणि आपली अगाशी

अरविंदकाका (सेक्रेटरी): उद्यापासून बडोद्याला उष्णतेचा ऑरेंज अलर्ट आहे. दुपारी १२ ते ४ मुलांना खाली खेळायला पाठवू नये. ज्येष्ठांनी बाहेरची कामं सकाळीच उरकावीत.

समीर (ए-१०३): काका, हे मेसेज दर उन्हाळ्यात येतात. मे महिन्यात ४२-४३ व्हायचंच इथे. लहानपणी आम्ही भर दुपारी कमाटीबागेत हुंदडायचो, काही झालं नाही.

मेघना (सी-२०१): अरे समीर, हा अलर्ट उगाच आलेला नाही. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादला पारा ४६.८ वर गेला होता. उष्माघाताचे म्हणून मृत्यू तेव्हा फार थोडे नोंदले गेले, कारण दाखल्यावर हार्ट, किडनी असंच काहीतरी लिहिलं जातं. नंतर त्या महिन्यातले सगळे मृत्यू इतर वर्षांच्या मे महिन्याशी ताडून पाहिले, तर १,३४४ माणसं जास्त गेलेली निघाली. एका शहरात, एका महिन्यात!
म्हणून तिथल्या महापालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेला बरोबर घेऊन २०१३ मध्ये हीट ॲक्शन प्लॅन आणला. दक्षिण आशियातला पहिलाच. रंगांचे अलर्ट, दवाखान्यांना आधीच निरोप, जागोजागी पिण्याचं पाणी हे सगळं त्यात होतं. पुढे बऱ्याच शहरांनी तो उचलला. २०१९ पासून केंद्राचा हवामान बदल आणि आरोग्याचा कार्यक्रमही आहे. त्यात उन्हाळाभर सरकारी दवाखान्यांनी उष्माघाताच्या पेशंटची रोज नोंद वर पाठवायची असते.

नीलिमाकाकू (बी-३०१): एवढं सगळं आहे तर पोचत का नाही ग? आमच्या कामवाल्या सविताबेनकडे साधा फोन. भर दीडला डोक्यावर पदर घेऊन चालत येते बिचारी.

मेघना: काकू, माझा जीव तिथेच अडकतो. सरकारने अलर्ट काढला, पण सविताबेनची वेळ सरकार कशी बदलणार? ती आपणच बदलायची. आणि गेटवरची केबिन बघा. काल तीनच्या सुमाराला कुरियर घ्यायला खाली गेले, तर कडीला हात लावताच चटका बसला. वरून पत्रा, बाजूनेही पत्रा. आत टेबलफॅन नुसती गरम हवा ढकलतोय, बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम, आणि वॉचमनकाका बारा तास त्यात बसून. अलर्ट खरा त्यांच्यासाठी आहे.

वैशाली (बी-४०२): आम्हा वरच्या मजल्यावाल्यांचंही ऐका. रात्री अकराला भिंत हाताला गरम लागते. सासूबाईंचा डोळ्याला डोळा लागत नाही.

मेघना: वैशाली, अहमदाबादच्या शारदाबेन हॉस्पिटलमध्ये नवजात बाळांचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. तो खाली आणल्यावर उन्हाने आजारी पडणारी बाळं कमी झाली. तापलेलं छत रात्रभर खाली उष्णता सोडत राहतं. तुमचं घर काही खाली आणता येत नाही, पण अगाशीला पांढरा चुना मारता येईल. खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. आजारी आणि म्हाताऱ्या माणसाला तेवढाही पुष्कळ.

समीर: पहिल्या पावसात धुऊन जाईल सगळं.

मेघना: जाऊ दे ना. उन्हाळा निघाला की काम झालं. चुन्यात थोडा फेव्हिकॉल घातला की बरा धरतो.

ताराआजी (ए-२०४): पन्ह्याचा गर मी करून ठेवते. वॉचमनला आणि कामाच्या बायकांना रोज माझ्याकडून. कैऱ्या कोणीतरी आणून द्या.

समीर: आजी, कैऱ्या माझ्याकडे लागल्या. मेघनाताई, उष्माघात झालाय हे ओळखायचं कसं?

मेघना: अंग भाजल्यासारखं तापतं आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा ग्लानीत जातो. त्या वेळी क्रोसीन देत बसू नका, तो ताप गोळीने उतरत नाही. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच १०८ लावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.
आणि कूलरवाल्यांनो, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही.

नीलिमाकाकू: सविताबेनला उद्यापासून सकाळी आठला बोलावलंय. सी विंगमधल्यांनीही आपापल्या कामाच्या बायकांशी बोला, नाहीतर एखादीला एका घरासाठी परत दुपारी यावंच लागेल.

अरविंदकाका: ठीक. ठरलं ते लिहितो. अलर्ट असेपर्यंत १२ ते ४ वॉचमन लिफ्टजवळच्या पॅसेजमध्ये पंख्याखाली बसतील, गेटची बेल तिथे ओढून घेऊ. माठ आजच येतोय. केबिनच्या पत्र्यावर तट्ट्या टाकू. चुन्याचा खर्च मेंटेनन्समधून, रविवारी सकाळी सहाला सुरुवात.

वैशाली: वरच्या कुंड्या कोणाच्या आहेत? शनिवारपर्यंत हलवा, नाहीतर मी जिन्यात आणून ठेवीन.

समीर: चार माझ्या. आज रात्री उतरवतो. शिडी आणि दोन ब्रशही आहेत माझ्याकडे, अजून ब्रश लागतील.