टोळी गावी गेली की बांधकाम महाग का पडतं?

प्रश्न (साइट इंजिनिअर, दुसरं वर्ष):
आमच्याकडे सेंट्रिंग (स्लॅबचा साचा उभा करण्याचं काम) आणि सळईकामाला बहुतेक बिहार-झारखंडचे लोक आहेत. छठला टोळी गेली ती महिनाभर परतली नाही. ऑफिसात सगळे म्हणतात, परप्रांतीय स्वस्त म्हणून ठेवतो. मग ते नसताना खर्च वाढला कसा?

उत्तर (सेंट्रिंगचा ठेकेदार, २२ वर्षं):
स्वस्त म्हणून नाही हो. माझ्या वहीत इथला कारागीर आणि बाहेरचा कारागीर यांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, जवळपास सारखीच पडते. फरक आहे तो साइटवर राहण्याचा. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटची गाडी रात्री नऊला आली तरी टोळी उभी असते. नाक्यावरचा गडी सहाला घरी जातो, आणि त्यात त्याचं काही चूक नाही.

टोळी गेली की साच्याच्या प्लेटा आणि टेक्यांचं भाडं चालूच राहतं, बिल्डरच्या कर्जाचं व्याजही. थांबतो फक्त स्लॅब. त्यामागचे गवंडी, प्लंबर, वायरमन बसून राहतात, आणि ते बहुतेक इथलेच असतात! २०२० च्या टाळेबंदीत तर रेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारा कायदा) खाली नोंदलेल्या प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ द्यावी लागली. त्या जूनमध्ये मी मुकादमाला फोन केला. तो म्हणाला, "शेठ, तिकिटं पाठवा, आणि या खेपेला पत्र्याची खोली नको." विटांच्या खोल्या बांधून दिल्या, तेव्हा माणसं आली.

उत्तर (बारबेंडर, म्हणजे सळई वाकवणारा, स्थानिक):
हजेरी सारखी असेल, पण मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला माणूस दर वाढवून मागू शकत नाही. मग आम्हालाही तोच दर घ्यावा लागतो. दर दाबते ती उचल. त्या माणसांवर राग धरून काय उपयोग?

उत्तर (कामगारांची नोंदणी करून देणारी कार्यकर्ती):
आणि उचल का घ्यावी लागते, तेही बघा. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो, तो याच कामगारांच्या कल्याणासाठी. पण त्याचा लाभ मिळायला नोंदणी लागते, आणि नोंदणीला आधीच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वर्षात चार ठेकेदारांकडे राबलेल्याला तो कोण देतो? पाय मोडला की पैसे मुकादमाकडूनच, आणि मग पुढचा हंगामही त्याच्याकडेच.

उत्तर (सेंट्रिंगचा ठेकेदार):
ताई, दाखल्यावर सही करायला मीही पूर्वी टाळाटाळ करायचो, ही माझी चूक. यंदा १४ जणांना दिले. ११ जणांची नोंदणी झाली. तिघांचे अर्ज अडकलेत, आधीच्या ठेकेदाराचा फोन लागत नाही. त्यांचं काय करता येईल, सांगाल का?