सल्ला हवा: जीपीएसच्या सॉफ्टवेअर रिसीव्हरमध्ये दुसरी कोणती सिस्टिम आधी घालू?

अवांतर_बिट
नमस्कार मंडळी. ई अँड टीसी, शेवटचं वर्ष. पायथनमध्ये जीपीएसच्या एल१ फ्रिक्वेन्सीचा (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) रिसीव्हर लिहिलाय, रेकॉर्ड केलेल्या फाइलवरून लोकेशन येतं. आता गाइड म्हणतात, ग्लोनास (रशिया), गॅलिलिओ (युरोप), बायडू (चीन), नाविक (भारत) सगळंच घाला. हाताशी एक आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीचा रेडिओ रिसीव्हर) आणि गच्चीवरचा पॅच अँटेना. सबमिशन मार्चमध्ये. 😐

गच्चीवरचा_गडी
ग्लोनासच्या नादी लागू नकोस. त्याच्या जुन्या एल१ सिग्नलचा कोड (सतत फिरणारा ठरावीक बिट-क्रम) सगळ्या सॅटेलाइटना एकच, फ्रिक्वेन्सी मात्र वेगवेगळी: १६०२ मेगाहर्ट्झच्या आसपास, ५६२.५ किलोहर्ट्झच्या अंतराने. तुझ्या डोंगलच्या खिडकीत (एका वेळी पकडता येणाऱ्या पट्ट्यात) जेमतेम तीन-चार चॅनल मावतील.

गॅलिलिओ घे. त्याचा ई१ सिग्नलसुद्धा १५७५.४२ वरच, म्हणजे आहे त्याच फाइलमध्ये ते सॅटेलाइट पडलेले असणार. कोड ४०९२ चिपचा (चिप म्हणजे कोडचा एक बिट), ४ मिलिसेकंदांचा, जीपीएसच्या चौपट, त्यामुळे डॉप्लर (हालचालीने सरकलेली फ्रिक्वेन्सी) शोधताना ५०० हर्ट्झच्या पायऱ्या चालत नाहीत, १२५ वर ये. मी हे न करता दोन रात्री अँटेनाच हलवत बसलो होतो. दुसरी गोम बीओसीची, म्हणजे ई१च्या मॉड्युलेशनची. कोड जुळवताना येणाऱ्या मुख्य शिखराच्या दोन्ही अंगांना अर्ध्या चिपवर छोटी शिखरं असतात. कोडचा माग ठेवणारा लूप तिथे अडकला की सगळं झकास दिसतं, फक्त रेंज दीडशे मीटरने चुकते. अर्ली-लेटच्या (कोड किंचित आधी-नंतर ताडणाऱ्या जोडीच्या) बाहेर आणखी दोन कोरिलेटर ठेव.

अवांतर_बिट
आणि नाविक? आपलं आहे म्हणून घालायचंच आहे.

एल५वाली_मावशी
घाल की रे. त्याच्या एल५ सिग्नलचा नागरी कोड १०२३ चिपचा, वेगही जीपीएसइतकाच. कोड जनरेटरची सुरुवातीची मूल्यं बदल, तुझंच ॲक्विझिशन (सॅटेलाइट शोधणारा भाग) चालेल. पण सिग्नल ११७६.४५ वर, आणि तुझा पॅच एल१चा असणार! खर्च अँटेनावर कर. एल१वर नाविक २०२३च्या एनव्हीएस-०१ सॅटेलाइटपासून आलं, पण तेवढ्यावर चार सॅटेलाइट जमायचे नाहीत. दुसरं डोंगल घेतलंस तर दोघांची घड्याळं वेगळी, तेव्हा नाविकचं उत्तर आधी स्वतंत्र काढ.

गच्चीवरचा_गडी
+१. आणि खरी मारामारी वेळेची. प्रत्येक जादा सिस्टिममागे घड्याळाचा एक अज्ञात वाढतो, म्हणून दोन सिस्टिम म्हणजे निदान पाच सॅटेलाइट. बायडूची वेळ जीपीएसच्या १४ सेकंद मागे. विसरलास तर तेवढ्यात त्यांचा मधल्या कक्षेतला सॅटेलाइट चाळीसेक किलोमीटर पळालेला असतो. तीच फाइल जीएनएसएस-एसडीआर या तयार सॉफ्टवेअर रिसीव्हरमध्येही चालव, फुकट आहे. आकडे ताडून बघ.

अवांतर_बिट
१२५ केलं. कालच्याच फाइलमध्ये तीन गॅलिलिओ! मावशी, अँटेनाचं घरी बोलतो.