विहिरीच्या पाण्यातील कीटकनाशकांचे अंश: अहवाल कसा वाचावा?

प्रश्न (द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका):
बागेलगतच्या विहिरीचे पाणी आम्ही घरी पिण्यासाठीही वापरतो. प्लास्टिकच्या बाटलीतून दिलेल्या नमुन्यावर प्रयोगशाळेने ‘कीटकनाशके आढळली नाहीत’ एवढीच एक ओळ लिहून दिली आहे. त्यावर कितपत विसंबावे?

उत्तर १ (अवशेष विश्लेषक):
तेवढ्यावर विसंबू नये. कोणती संयुगे तपासली आणि प्रत्येकाची किमान किती मात्रा मोजता येत होती, हे अहवालात नसेल तर ‘आढळले नाही’ या शब्दांतून काहीच कळत नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोरपायरिफॉस लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, मोनोक्रोटोफॉस १, तर आल्ड्रिन व डायल्ड्रिन अवघे ०.०३, म्हणून १ मायक्रोग्रॅमखालचे मोजू न शकणारी पद्धत आल्ड्रिनबाबत दिलासा देऊ शकत नाही. द्राक्षाच्या अहवालातील आकडे किलोमागे मिलिग्रॅममध्ये असतात, पाण्याचे एकक त्याहून हजारपट लहान असते, हेही ध्यानात ठेवावे.

बाटलीचा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. ऑर्गॅनोक्लोरिन गटातील (आल्ड्रिन, डायल्ड्रिनसारखी क्लोरीनयुक्त) संयुगे प्लास्टिकच्या आतील पृष्ठभागाला चिकटतात आणि पाण्यात असलेला अंश यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. नमुना तपकिरी काचेच्या स्वच्छ बाटलीत, टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण लावून, बर्फाच्या पेटीतून न्यावा; पाण्यातून संयुगे वेगळी काढण्याचे काम सात दिवसांत व्हायला हवे. फवारणीची बादली किंवा दोर नमुन्यासाठी कदापि वापरू नये.

उत्तर २ (कृषी पदवीधर, नाशिक):
वरील उत्तराशी सहमत आहे. आपल्या फवारणीच्या नोंदवहीची प्रत प्रयोगशाळेला अवश्य द्यावी. द्राक्षावरील मेटालॅक्झिलसारखी बुरशीनाशके आयएस १०५०० च्या यादीत नाहीत, त्यामुळे केवळ त्या यादीपुरती तपासणी आपल्या विहिरीसाठी अपुरी ठरेल. युरोपात यादीच्या पलीकडे जाऊन, आल्ड्रिनसारखे काही अपवाद वगळता, कोणत्याही एका कीटकनाशकासाठी लिटरमागे ०.१ आणि सर्वांची बेरीज ०.५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. तुलनेसाठी तीच धरावी, असे माझे मत आहे. तणनाशक म्हणून ग्लायफोसेट वापरले असल्यास त्याची चाचणी स्वतंत्रपणे मागावी, कारण नेहमीच्या बहुअवशेष पद्धतीत (एकाच चाचणीत अनेक कीटकनाशके शोधण्याच्या पद्धतीत) ते सापडत नाही. बोर्डो मिश्रणातील (मोरचूद व चुन्याच्या बुरशीनाशकातील) तांबे धातूंच्या तपासणीत येते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. घरच्या टीडीएस मापकाने काही अंदाज येईल का?

उत्तर १:
नाही. ते मापक विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. मायक्रोग्रॅममधील कीटकनाशकाने त्याचा आकडा हलत नाही. पहिल्या जोरदार पावसानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा नमुना द्यावा.