आसाफाचा हेवा आणि आपला : दुर्जनांची भरभराट पाहताना ख्रिस्ती माणसाने काय करावे?

पाणवठा (धागाकर्ता)

गेल्या ईस्टरच्या उपासनेत दानार्पणाची थैली आमच्या रांगेत आली, तेव्हा ती पुढे देताना माझे लक्ष थैलीकडे नव्हते, तर पुढच्या रांगेतल्या एका मनगटावरच्या घड्याळाकडे होते. ते घड्याळ ज्यांचे, त्या गृहस्थांनी आमच्या मिशन कंपाउंडची मागची जमीन विश्वस्त या नात्याने कवडीमोलाने विकली, असा मंडळीतल्या आम्हा अनेकांचा आक्षेप आहे. त्याच जमिनीवर मी बत्तीस वर्षे शाळेच्या मुलांना कवायत शिकवली. प्रकरण अजून निकाली निघालेले नाही. घरी येताना वाटभर मी स्वतःला सांगत होतो की मला चीड आली आहे. पण चीड आलेला माणूस घड्याळाचा पट्टा चामड्याचा आहे की धातूचा, हे न्याहाळत बसत नाही. मला हेवा वाटला होता, आणि सत्तरीकडे झुकताना ही गोष्ट स्वतःशी कबूल करणे मला जड गेले.

त्या रात्री मी बायबलमधले आसाफाचे ७३वे स्तोत्र पुन्हा काढले. आसाफ हा कोणी साधासुधा उपासक नव्हता. कराराच्या कोशापुढे, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीपुढे, गायनाची सेवा करण्यासाठी दावीद राजाने उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी वंशातले जे लोक नेमले, त्यांचा तो प्रमुख होता. ज्याने रोज परमेश्वराची स्तुती गायची, त्यानेच लिहून ठेवले आहे की दुर्जनांची भरभराट पाहून माझे पाय घसरायच्या बेतात आले होते. त्यांची अंगे कशी धष्टपुष्ट आहेत, गर्व त्यांच्या गळ्यात हारासारखा कसा शोभतो, जुलूम ते वस्त्रासारखा कसा पांघरतात, हे तो इतक्या बारकाईने सांगतो की त्याने त्यांच्याकडे किती वेळ टक लावून पाहिले असेल, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येते. आणि मग तेराव्या वचनात त्याच्या तोंडून निघून जाते की मी माझे मन निर्मळ राखले ते व्यर्थच.

हेव्याचे मूळ मला तिथे सापडले. दुर्जनाचा हेवा करणे म्हणजे त्याच्या देवाला नमस्कार करणे होय. ज्या वस्तूंसाठी त्याने गरिबाला नाडले, त्याच वस्तू आयुष्याचे खरे फळ आहेत, हे त्याचे मत आपण हेवा करताना मुकाट्याने मान्य करतो; त्याच्याजवळ धाडस होते आणि आपल्याजवळ नव्हते, एवढाच काय तो फरक उरतो. स्तोत्र ३७ आणि नीतिसूत्रांचे तेविसावे व चोविसावे अध्याय जेव्हा ‘हेवा करू नकोस’ असे बजावतात, तेव्हा ते आपल्याला गप्प बसवण्यासाठी नसून आपली उपासना दुसऱ्या कोणाकडे वळू नये म्हणून आहे, असे मला वाटते. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

नगरची लेक

सर, आपण मनातले इतके उघड करून लिहिलेत, त्याबद्दल आदर आहेच. पण या विचाराला माझा विरोध आहे आणि तो मला स्पष्ट नोंदवायचा आहे.

ही वचने नेहमी वरून खाली वाचली गेली आहेत. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. दुपारी सुकडी मिळे, ती ती स्वतः न खाता पदराच्या टोकाला बांधून मुलांसाठी घरी आणी. कामावरचा मुकादम आठवड्यातून एक-दोन दिवस तिच्या नावावर खोटा खाडा मांडी आणि ती मजुरी स्वतःच्या खिशात घाली. तोच मुकादम रविवारी उपासनेत पुढच्या बाकावर बसे, आणि पाळकसाहेब स्तोत्र ३७ वाचून सांगत की दुष्कर्म्यांवर जळफळू नका, ते गवतासारखे लवकरच सुकून जातील. त्याच स्तोत्राच्या पंचविसाव्या वचनात दावीद म्हणतो की मी तरुण होतो, आता म्हातारा झालो, पण नीतिमानाला टाकलेले आणि त्याच्या संततीला भाकर मागताना मी कधी पाहिले नाही. माझ्या आजीने ते पाहिले होते. मागणारी मुले तिचीच होती.

तिला मुकादमाचा वाडा नको होता; तिला तिच्या हजेरीचे पैसे हवे होते. याला हेवा म्हणता येईल का? आणि म्हणता येत नसेल, तर ‘हेवा करू नका’ हा उपदेश तिला कशासाठी केला गेला? याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे, असे लिहिले आहे. त्या उपासनेत तो अध्याय वाचला गेल्याचे आजीला कधी आठवत नव्हते. आपण हेव्याची चिकित्सा फार सुंदर केलीत, परंतु ज्याचे घर भरलेले आहे त्याने ती स्वतःपुरती ठेवावी, असे मला नम्रपणे वाटते.

बावखल

मी वसईचा, कॅथलिक. दोघांच्या म्हणण्यात मला एकच गाठ दिसते, आणि ती सोडवायला मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनसचा उपयोग होईल. दुसऱ्याचे भले पाहून, त्यामुळे आपण उणे ठरतो असे वाटून होणारे दुःख, ही त्याची हेव्याची व्याख्या आहे. अन्याय पाहून येणारा संताप त्या व्याख्येत बसत नाही. आजीचे दुःख मुकादमाच्या भल्याबद्दलचे नव्हते. तिचे जे हिरावले गेले होते त्याबद्दलचे होते. तेव्हा तिला तो उपदेश करणारे पाळकसाहेब वचनाचा चुकीच्या जागी वापर करत होते, वचन चुकीचे नव्हते.

आमच्याकडे बावखले, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, बुजवून, केळीच्या वाड्या दडपशाहीने घेऊन जमिनी लाटल्या जात होत्या, त्या काळात गुंडांचे नाव घ्यायलाही माणसे घाबरत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात उभे राहिले, तेव्हा माझे वडील त्या मोर्चांना जात. वडील सांगत की मोर्चात दोन प्रकारची माणसे होती : काहींना जमिनी वाचवायच्या होत्या, आणि काहींना आपली जमीन तेवढ्या किमतीला विकता आली नाही याची चुटपुट होती. पहिली टिकली. दुसऱ्यांपैकी काही जण पुढे स्वतःच दलाल झाले. हेवा न करणारा माणूसच दीर्घकाळ लढू शकतो, हे मला तेव्हापासून पटलेले आहे.

नगरची लेक

बावखलजी, वडिलांची आठवण मोलाची आहे. परंतु अक्वायनसचा आधार आपण अर्धाच दिलात. अपात्र माणसाला लाभलेले वैभव पाहून होणाऱ्या दुःखाला अॅरिस्टॉटलने सद्वर्तनी माणसाचे लक्षण मानले होते. अक्वायनस त्याच ठिकाणी त्याच्याशी मतभेद दाखवून म्हणतो की हे दुःखही शास्त्राने निषिद्ध केले आहे, आणि आधार म्हणून हीच दोन स्तोत्रे देतो. कारण काय, तर ऐहिक संपत्ती अपात्राला मिळते ती देवाच्या न्याय्य योजनेनेच मिळते, आणि येणाऱ्या चिरंतन सुखापुढे तिची किंमत शून्य आहे. म्हणजे दार उघडे आहे असे आपण सांगता, आणि तो ते आतून लावून घेतो. मुकादमाच्या खिशातले पैसे देवाच्या योजनेने तिथे गेले, हे मी आजीच्या कबरीपाशी उभी राहून म्हणू शकणार नाही.

उंबरठा

मी ख्रिस्ती नाही. मत्सराला षड्रिपूंत मोजणाऱ्या घरात वाढलो, म्हणून विषय जवळचा वाटला आणि ७३वे स्तोत्र मुद्दाम वाचले. मला त्यात वेगळीच अडचण दिसते. आसाफाचा हेवा कशाने शमतो? पवित्रस्थानात गेल्यावर त्याला ‘त्यांचा शेवट’ कळतो, आणि तो शेवट असा की देवाने त्यांना निसरड्या जागी उभे केले आहे व ते क्षणात नष्ट होतील. हेवा संपला असे म्हणायचे की त्याने फक्त वाट पाहायचे ठरवले? दुर्बळ माणूस आपला सूड परलोकावर सोपवतो आणि त्यालाच प्रीती हे नाव देतो, असा आरोप जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने १८८७ साली याच परंपरेवर केला होता, आणि तो मला साफ खोटा वाटत नाही.

शिवाय तो शेवट येतोच असेही नाही. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन १९७९ मध्ये पदच्युत झाला खरा, पण त्यानंतर चोवीस वर्षे सुरक्षित राहून २००३ साली जेद्दाच्या इस्पितळात वारला. त्याने ज्यांना मारले त्यांच्या नशिबी धड अंत्यविधीही नव्हता. अशा माणसाचा हेवा करू नये, हे मला मान्य आहे. पण ‘तो निसरड्या जागी उभा आहे’ हे कारण मला मान्य होत नाही.

पाणवठा (धागाकर्ता)

तिघांचेही आभार. दोन दिवस विचार करून लिहितो आहे.

उंबरठाजी, आपला आक्षेप सर्वांत खोल आहे. दुर्जनाच्या पतनाची वाट पाहत बसणे हा हेव्याचाच सख्खा भाऊ, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि तो धोका शास्त्रालाही ठाऊक आहे. नीतिसूत्रांच्या चोविसाव्या अध्यायात पहिले वचन दुर्जनांचा हेवा करू नकोस असे सांगते, एकोणिसावे तेच पुन्हा सांगते, आणि या दोहोंच्या मध्ये सतराव्या वचनात सांगितले आहे की तुझा वैरी पडला तर आनंद करू नकोस, तो ठेचकाळला तर तुझे मन उल्लासू नये. म्हणजे हेव्याला बाहेर काढल्यावर त्याच्या जागी हे दुसरे भूत येऊन बसेल, हे त्या जुन्या शिक्षकाने ओळखले होते. आसाफाचे स्तोत्रही दुर्जनांच्या पतनावर थांबत नाही. तो लगेच स्वतःकडे वळतो, मी तुझ्यापुढे पशूसारखा होतो असे म्हणतो, आणि पुढे म्हणतो की तरी मी नेहमी तुझ्याजवळ आहे, तू माझा उजवा हात धरला आहेस. स्तोत्राचा शेवट देवाच्या सान्निध्यात होतो. निसरड्या जागेचे वचन मी सूडाचे न मानता दयेचे मानतो : ज्याला मी उंचावर उभा समजत होतो तो कड्याच्या टोकावर आहे, हे दिसल्यावर हेवा करता येत नाही, भीती वाटते ती त्याच्यासाठी.

आपण अमीनचे नाव काढलेत म्हणून लिहितो. १९७७ च्या फेब्रुवारीत युगांडाच्या अँग्लिकन बिशपांनी त्याच्या अत्याचारांविरुद्ध निषेधाचे पत्र लिहिले. त्याच महिन्याच्या १६ तारखेला आर्चबिशप जनानी लुवुम यांना ठार करण्यात आले, आणि मोटार अपघातात गेले असे जाहीर झाले. बिशप फेस्टो किवेन्गेरे आणि त्यांच्या पत्नी रात्री डोंगर पायी ओलांडून रवांडात निसटले. त्याच वर्षी त्यांनी पुस्तक लिहिले आणि त्याचे नाव ठेवले, ‘मी इदी अमीनवर प्रीती करतो’. निषेधाचे पत्र आणि हे पुस्तक एकाच मंडळीतून, एकाच वर्षी आलेले आहे. तेव्हा अमीनचा शेवट झाला नव्हता, तो होईल याची खात्रीही कोणाला नव्हती. दुर्बळाचा सूड असता तर पत्र लिहिण्याचे धैर्य कुठून आले असते, याचा आपण विचार करावा अशी विनंती आहे.

ताई, आपल्याशी मात्र मी वाद घालणार नाही. आजीला ते स्तोत्र त्या मुकादमासमोर वाचून दाखवणे हा अपराध होता. पंचविसाव्या वचनाबद्दल एवढेच म्हणेन की ती एका वृद्धाची आयुष्यभराची साक्ष आहे, नियम नव्हे. आणि नीतिमान असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाचे पुस्तक त्याच शास्त्रात ठेवले गेले आहे ते बहुधा यासाठीच. अक्वायनसबद्दल आपले बरोबर आहे. मी त्याच्यापेक्षा बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाच्या २१व्या अध्यायाला धरून चालतो. तिथे हेवा गरिबाला झालेला नाही, राजाला झाला आहे. अहाब राजाजवळ राजवाडा आहे, आणि त्याला नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्याच्या बागेसाठी हवा आहे. नाबोथ म्हणतो की वाडवडिलांचे वतन मी देणार नाही. त्यावर राजा बिछान्यावर पडून तोंड फिरवतो आणि जेवत नाही. मग राणी ईजबेल दोन खोटे साक्षीदार उभे करते आणि नाबोथ दगडमाराने मरतो. संदेष्टा एलीया येतो तो राजाला जाब विचारायला. नाबोथाच्या नातलगांना धीर धरा म्हणून सांगायला तो आलेला नाही. ‘हेवा करू नको’ हा उपदेश पहिल्यांदा अहाबाला करायला हवा होता, आणि आमच्याकडे तो बहुतेक वेळा नाबोथालाच केला जातो. हे आपण दाखवून दिलेत.

उंबरठा

किवेन्गेरे यांच्याविषयी मला माहिती नव्हती, वाचीन. देवाचे सान्निध्य हा माझ्यासाठी पुरावा होऊ शकत नाही, म्हणून आपण तिथे वेगळे होतो. सतराव्या वचनाविषयीचा आपला मुद्दा मात्र मी मान्य करतो, म्हणजे सुडाचा आरोप संपूर्ण परंपरेवर करणार नाही.

नगरची लेक

सर, नाबोथाचा दाखला मी स्वीकारते. तरी माझा प्रश्न उरतोच. त्या गृहस्थांचा हेवा करणे आपण सोडून द्याल, जमिनीचे काय? धर्मादाय आयुक्तांकडे हरकतीचा अर्ज करायचा तर जुना नकाशा, सातबारा आणि त्या जागेचा शाळेकडून झालेला वापर दाखवणारे कागद लागतात. मी अशा दोन प्रकरणांत वकिलांना कागद लावून दिले आहेत. आपल्याकडे काय आहे?

पाणवठा (धागाकर्ता)

ताई, हरकतीच्या अर्जावर माझी सही आहे, वरून चौथी. शाळेच्या कपाटात क्रीडादिनाची निमंत्रणपत्रे आणि मैदान दाखवणारा हाताने काढलेला जुना नकाशा आहे; त्याची घडी फाटली आहे, पण चतुःसीमा वाचता येतात. उद्या झेरॉक्स काढून आपल्याला पाठवतो. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे आणि आमच्याकडे रांगेने पुढे जाऊन गुडघे टेकतात, तेव्हा ते गृहस्थ माझ्या शेजारी असण्याचा संभव आहे. त्यासाठी आपण सर्वांनी प्रार्थना करावी.