शब्दचर्चा: कोरम मोडणे, हजेरीची सक्ती आणि ‘अटक’

प्रश्न

ऑगस्ट २०२५ मधल्या टेक्सास विधानसभेच्या घडामोडींवरचा मजकूर मराठीत करायचा आहे. मतदारसंघांच्या पुनर्रचनेचे विधेयक अडवायला डेमोक्रॅटिक आमदार राज्याबाहेर निघून गेले, त्यांच्या नावाने वॉरंट निघाली. परतल्यावर सभागृहाबाहेर पडण्यासाठी पोलिसांच्या सोबतीची लेखी अट मान्य करावी लागली. फोर्ट वर्थच्या आमदार निकोल कॉलियर यांनी सही न करता सभागृहातच मुक्काम ठोकला. पहिल्या मसुद्यात ‘सभात्याग’, ‘व्हिप’, ‘अटक वॉरंट’, ‘नजरकैद’ आणि ‘परिसीमन’ असे शब्द आलेत. यातले किती टिकतील?

प्रतिसाद

‘सभात्याग’ आधी काढा. सभात्याग करणारा आमदार हजेरी लावतो, घोषणा देतो, बाहेर पडतो आणि त्याच्यामागे कामकाज चालूच राहते. इथे कामकाज चालूच नये म्हणून माणसे गेली. टेक्सासच्या राज्यघटनेप्रमाणे कोरम, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, दोनतृतीयांश आहे. १५० जणांच्या सभागृहात १०० हजर हवेत, म्हणजे ५१ जण गेले की काम ठप्प. डेमोक्रॅट ६२ होते, त्यामुळे गणित जमले. ३ ऑगस्टला बहुतेक जण इलिनॉयला गेले, काही न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सला.

कोरमला आपल्या संविधानाच्या मराठी पाठात ‘गणपूर्ती’ आहे, विधिमंडळाच्या कामकाजातही तोच शब्द. पण ‘गणपूर्ती भंग केली’ जड वाटते. ‘कोरम मोडला’ किंवा ‘गणपूर्ती होऊ दिली नाही’ हे कोणालाही कळेल.

आपल्याकडे हा डाव का रुळला नाही, याची एक ओळ मजकुरात जरूर द्या. अनुच्छेद १८९ नुसार विधानसभेचा कोरम एकदशांश किंवा १० सदस्य, यातला जो आकडा मोठा तो. २८८ च्या सभागृहात २९ पुरतात. एवढी कमी संख्या असली की अख्खा विरोधी पक्ष गेला तरी सत्ताधाऱ्यांचे काही अडत नाही.

प्रतिसाद

मग सरळ ‘दांडी मारली’ म्हणा की! सुरत–गुवाहाटीसारखाच प्रकार दिसतो.

प्रतिसाद

‘दांडी’ शीर्षकात खपेल, मजकुरात नको. त्यात आळस किंवा चुकारपणा येतो, आणि इथे रोज दंड लागत होता. २०२१ मध्येही डेमोक्रॅट मतदानविषयक विधेयक अडवायला वॉशिंग्टनला गेले होते. त्यानंतर २०२३ मध्ये सभागृहाने नियम केला, अशा गैरहजेरीला दिवसाला ५०० डॉलर दंड.

गुवाहाटीची तुलना तर वाचकाला थेट चुकीच्या वाटेवर नेईल. जून २०२२ मध्ये प्रश्न बहुमताचा होता, आमदार कोणाच्या बाजूला मोजायचे याचा. टेक्सासमध्ये कोणी बाजू बदलली नाही, रिपब्लिकनांचे ८८ चे बहुमत जागच्या जागी होते. म्हणून ‘पळवापळवी’ आणि ‘घोडेबाजार’ हे दोन्ही शब्द इथे गैरलागू. ‘फरार’सुद्धा नको. तो शब्द आरोपीसाठी आहे, आणि या आमदारांवर कोणताही फौजदारी गुन्हा नव्हता.

प्रतिसाद

गुन्हा नव्हता म्हणूनच ‘अटक वॉरंट’ हा मसुद्यातला सर्वांत घातक शब्द आहे. प्रक्रिया नीट पाहा.

राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाचा दहावा भाग सांगतो की कोरम नसला तरी उरलेल्या सदस्यांना दोन गोष्टी करता येतात: रोज बैठक तहकूब करणे आणि गैरहजरांना हजर राहायला भाग पाडणे. ही सक्ती कशी करायची ते सभागृहाचे नियम ठरवतात. एक सदस्य ‘कॉल ऑफ द हाउस’चा प्रस्ताव मांडतो, १५ जणांचा पाठिंबा लागतो, बहुमताने तो मंजूर होतो. मग दारे बंद, आणि लेखी परवानगीशिवाय कोणी बाहेर जायचे नाही. जे आलेच नाहीत त्यांना जिथे असतील तिथून धरून आणायचा आदेश सार्जंट-ॲट-आर्म्सला देता येतो. आपल्याकडच्या विधिमंडळातले मार्शल म्हणजे साधारण तेच काम करणारे, फक्त आपल्या मार्शलांचा अनुभव सदस्याला बाहेर काढण्याचा जास्त!

२०२१ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सभागृहाचा हा अधिकार मान्य केला. पण या वॉरंटची धाव सभागृहाच्या दारापर्यंतच. आरोपपत्र नाही, जामीन नाही, कोठडी नाही. आणि राज्याच्या हद्दीबाहेर ते चालत नाही, इलिनॉय गाठण्याचे कारणच ते. मराठीत ‘अटक’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे पोलीस ठाणे येते. कोर्टातले ‘पकड वॉरंट’ अर्थाने जवळचे आहे, पण त्यालाही फौजदारी वास आहेच. ‘सभागृहात हजर करण्याचे वॉरंट’ लिहा. लांब आहे, पण खोटे नाही.

‘व्हिप’ मात्र पूर्णपणे चूक. पक्षादेश पक्ष काढतो आणि तो आपल्याच सदस्यांना लागू असतो. हा आदेश सभागृहाचा आहे आणि सर्वांना लागू आहे. ‘कॉल ऑफ द हाउस’ला ‘हजेरी-सक्तीचा ठराव’ म्हणता येईल.

प्रतिसाद

‘नजरकैद’बद्दल थोडे वेगळे मत. नजरकैदेत माणसाला एका जागी ठेवतात आणि बाहेर जाऊ देत नाहीत. इथे अध्यक्ष डस्टिन बरोज यांनी १८ ऑगस्टला घातलेली अट अशी: ज्यांच्या नावाने वॉरंट निघाले होते त्यांनी बाहेर जायचे तर सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात राहून जायचे. २० तारखेला सकाळी १० च्या बैठकीला त्यांना परत आणणे ही त्या अधिकाऱ्याची जबाबदारी. बहुतेकांनी सही केली आणि पोलीस सोबत घेऊन घरी गेले. त्यांच्यासाठी ‘पोलीस पहाऱ्यात’ बरोबर.

कॉलियर यांनी सही नाकारली, म्हणून त्यांना आत राहावे लागले. त्यांच्या बाजूने पाहिले तर ही बेकायदा स्थानबद्धता होती, आणि त्यांनी न्यायालयात हेबियस कॉर्पस अर्जही केला, म्हणजे बेकायदा अडकवून ठेवल्याविरुद्ध दाद मागितली. अध्यक्षांच्या बाजूने पाहिले तर सही करून जाण्याची मोकळीक होती. मजकूर बातमीचा असेल तर दोन्ही बाजू सांगणारे वाक्य हवे: ‘पहाऱ्याची अट नाकारून त्या सभागृहातच राहिल्या’. पुढे काही सहकाऱ्यांनी सही केलेले कागद फाडून त्यांना साथ दिली. त्या मुक्कामाला ‘ठिय्या’ हा आपला नेहमीचा शब्द चपखल बसतो. गैरहजर राहून सुरू झालेले आंदोलन हजर राहून पुढे चालले, ही त्यातली गंमत.

हेबियस कॉर्पसला संविधानाच्या मराठी पाठात ‘देहोपस्थिती’ आहे. वृत्तपत्रांत ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ चालते. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी डेमोक्रॅट गटनेते जीन वू यांचे पद काढण्यासाठी अर्ज केला तो ‘को वॉरंटो’, म्हणजे आपला ‘क्वाधिकार’. तिथे मूळ शब्द ठेवून पुढे ‘पदावर राहण्याच्या अधिकाराला आव्हान’ एवढे लिहा. नुसत्या ‘क्वाधिकार’वर वकिलांशिवाय कोणी थांबणार नाही.

प्रतिसाद

राहिले ‘परिसीमन’. ते हिंदीच्या वाटेने आले आहे. २००८ च्या बदलाला आपण सगळे ‘मतदारसंघांची पुनर्रचना’च म्हणत होतो. पण शब्द एकच वापरला तरी यंत्रणेतला फरक सांगावा लागेल. आपल्याकडे आयोग नकाशा ठरवतो, विधानसभेत त्यावर मतदान होत नाही. टेक्सासमध्ये विधिमंडळ साध्या विधेयकाने नकाशा करते, म्हणून तर कोरमला एवढे मोल. शिवाय २०२० च्या जनगणनेनंतरचा नकाशा २०२१ मध्ये झालेला असताना रिपब्लिकनांना पाच जास्त जागा मिळाव्यात म्हणून तो पुन्हा उघडला. त्यासाठी ‘मुदतीआधीची पुनर्रचना’.

एक प्रश्न वाचक विचारणारच: एवढे करून साधले काय? तिथले विशेष अधिवेशन जास्तीत जास्त ३० दिवसांचे, पण गव्हर्नर हवी तितकी बोलावू शकतो. पहिले १५ ऑगस्टला संपले, दुसरे त्याच दिवशी बोलावले. २० तारखेला विधेयक ८८ विरुद्ध ५२ मतांनी सभागृहात मंजूर झाले. म्हणून ‘विधेयक रोखले’ लिहू नका, ‘लांबवले’ लिहा. २००३ मध्येही पुनर्रचनेवरूनच आमदार ओक्लाहोमातल्या आर्डमोरला आणि नंतर सिनेटर न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला गेले होते, नकाशा त्याच वर्षी झाला.

प्रतिसाद

‘अनएक्सक्यूज्ड ॲब्सेन्स’ला काय म्हणायचे? मजकुरात पुढे ओरेगॉन राज्याचा उल्लेख आहे.

प्रतिसाद

‘विनापरवानगी गैरहजेरी’. अनुच्छेद १९० मध्ये आपल्याकडेही परवानगीचीच भाषा आहे: सभागृहाच्या परवानगीशिवाय ६० दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिल्यास जागा रिक्त घोषित करता येते. ‘अक्षम्य’ किंवा ‘असमर्थनीय’ नको, त्यात लिहिणाऱ्याचा निवाडा येतो. ओरेगॉनमध्येही कोरम दोनतृतीयांश. तिथे २०२२ च्या सार्वमतानंतर एका अधिवेशनात अशा १० गैरहजेऱ्या झाल्या की पुढच्या कार्यकाळासाठी उमेदवारी करता येत नाही. आणि ‘अपात्र’ लिहिताना ‘पुढच्या कार्यकाळासाठी’ सोडू नका, नाहीतर वाचक पक्षांतरबंदीतली अपात्रता समजेल.