अपील म्हणजे दुसरा डाव नव्हे (कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी)

रेकॉर्डरूम
सनीवेलकर यांनी परवा 'कोर्टात हरलात? घाबरू नका' असा लेख टाकला. त्यात चार गोष्टी आहेत: वरच्या कोर्टात तीन न्यायाधीश बसतात, साक्षीदार पुन्हा बोलावता येतात, राहून गेलेले ईमेल दाखवता येतात आणि वकील नसला तरी चालतं. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी आणि तिसरी साफ चूक आहे, आणि चौथीने माणसं बुडतात. म्हणून सविस्तर लिहितो.

अपिलात साक्षीदार नसतो, ज्युरी नसते, नवा पुरावा जवळजवळ कधीच घेतला जात नाही. सांता क्लारा काउंटीतली केस कोर्ट ऑफ अपीलच्या (वरच्या कोर्टाच्या) सॅन होजेतल्या सहाव्या डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे विभागाकडे, जाते, फ्रेमाँटची सॅन फ्रान्सिस्कोच्या पहिल्या डिस्ट्रिक्टकडे. तिथले तिघे वाचतात ते दोनच गठ्ठे: क्लार्कने लावलेली कागदपत्रं आणि कोर्ट रिपोर्टरने शब्द न् शब्द टिपलेलं कामकाज. जे या गठ्ठ्यांत नाही ते त्यांच्यासाठी घडलेलंच नाही.

मुदतींचं सांगतो. दिवाणी निकालाची नोटीस क्लार्कने किंवा समोरच्या पक्षाने बजावल्यापासून ६० दिवस. कुणीच बजावली नाही तर निकाल नोंदल्यापासून १८०. यांत जी मुदत आधी संपेल ती. एक दिवस उशीर झाला तर कोर्टाला अधिकारच उरत नाही, मग कारण आजारपण असो की वकिलाची चूक. अपिलाची नोटीस दिल्यावर १० दिवसांत रेकॉर्डमध्ये काय काय हवं ते कळवायचं. रेकॉर्ड आल्यावर ४० दिवसांत पहिला ब्रीफ (लेखी युक्तिवाद), समोरच्याला ३०, तुमच्या उत्तराला २०. दिवाणी ब्रीफला १४,००० शब्दांची मर्यादा आहे.

खरा प्रश्न यानंतरचा: वरचं कोर्ट कोणत्या चष्म्यातून बघणार? कायद्याचा अर्थ असेल तर नव्याने, खालच्या कोर्टाचं मत बाजूला ठेवून. वस्तुस्थितीचा निष्कर्ष असेल तर फक्त एवढंच की त्याला पुरेसा ठोस आधार आहे का. एका साक्षीदाराची साक्षसुद्धा पुरते, तुमचे पाच जण उलट बोलले असले तरी. मुलांचा ताबा, वकिलाची फी, तारखा यांत न्यायाधीशाने विवेकाधिकाराची हद्द ओलांडली का, इतकंच. आणि चूक सापडली तरी पुरत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदातलं कलम १३ म्हणतं की चुकीमुळे अन्याय झाला हे दिसलं पाहिजे. वॉटसन खटल्यापासून (१९५६) कसोटी ही की चूक झाली नसती तर निकाल तुमच्या बाजूने लागण्याची वाजवी शक्यता होती का.

वऱ्हाडी वकील
मुदतींबद्दल वाद नाही. पण 'अपील म्हणजे दुसरा डाव नव्हे' हे जगाचं तत्त्व असल्यासारखं सांगू नका. आपल्याकडे भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खालचं पहिलं अपील वस्तुस्थिती आणि कायदा दोन्हींवर चालतं. संतोष हजारी निकालात (२००१) सुप्रीम कोर्टाने बजावलंय की पहिल्या अपील कोर्टाने सगळ्या मुद्द्यांवर स्वतःची कारणं दिली पाहिजेत, आणि निष्कर्ष उलटवायचा तर खालच्या कोर्टाची कारणं जवळून तपासली पाहिजेत. तुम्ही सांगताय तो कडकपणा आमच्याकडे कलम १०० च्या दुसऱ्या अपिलात येतो, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न आधी मांडावा लागतो तेव्हा. एका न्यायाधीशाने एकदा साक्षीदारावर विश्वास ठेवला की वरच्यांनी मान डोलवायची, हा न्याय मला पटत नाही.

इंद्रायणी
रेकॉर्डरूम, तुमचं सगळं ठीक, पण मुळातली अडचण तुम्ही सहज ओलांडून गेलात. 'कोर्ट रिपोर्टरने टिपलेलं कामकाज', म्हणता. कुठला रिपोर्टर? बहुतेक काउंट्यांत दिवाणी आणि फॅमिली कोर्टात आता कोर्टाकडून रिपोर्टर मिळतच नाही, पक्षकाराने पैसे मोजून आणायचा. नाही आणला तर सुनावणीत कोण काय बोललं याचा कागद नाही. आणि कागद नाही तर निकाल बरोबर होता असंच गृहीत धरतात, १९७० च्या डेनहॅम निकालापासून. म्हणजे ज्याच्याकडे पैसे, त्याला अपील.

ध्वनिमुद्रण करावं तर गव्हर्नमेंट कोडचं कलम ६९९५७ आडवं येतं. मर्यादित (लहान रकमेच्या) दिवाणी, मिस्डिमीनर (कमी गंभीर गुन्हे) आणि किरकोळ दंडाच्या केसेस सोडून परवानगी नाही. खोलीत माइक असून बंद ठेवायचा! घरातल्या हिंसेपासून संरक्षण मागायला आलेल्या बाईची २० मिनिटांची सुनावणी, तिची एकही ओळ उरत नाही. आणि तुम्ही शब्दमर्यादा सांगत बसलात.

रेकॉर्डरूम
इंद्रायणीताई, अडचण खरी आहे, पण 'ज्याच्याकडे पैसे त्याला अपील' हे अर्धवट आहे. जेमसन वि. डेस्टा (२०१८) वाचा. फी माफी मिळालेल्या पक्षकाराने मागितला तर कोर्टाने रिपोर्टर फुकट दिला पाहिजे, असं राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. तो आधी मागावा लागतो, सुनावणी झाल्यावर नाही. शिवाय नियम ८.१३७ खाली 'सेटल्ड स्टेटमेंट' आहे: तुम्ही कामकाजाचा गोषवारा लिहायचा, समोरच्याने दुरुस्त्या सुचवायच्या, न्यायाधीशाने प्रमाणित करायचा.

इंद्रायणी
म्हणजे ज्या न्यायाधीशाच्या चुकीविरुद्ध अपील, त्याच्याच आठवणीवर रेकॉर्ड उभं करायचं! सुनावणीनंतर कित्येक आठवड्यांनी. शिवाय जेमसनने हक्क दिला, माणसं दिली नाहीत. राज्यात रिपोर्टरच पुरेसे नाहीत. लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टाने (खटले चालवणारं खालचं कोर्ट) २०२४ मध्ये आदेशच काढला की मूलभूत हक्काचा प्रश्न असेल आणि रिपोर्टर मिळत नसेल तर कलम असलं तरी न्यायाधीशाला ध्वनिमुद्रण करायला लावता येईल. कोर्टाला स्वतःच्या राज्याच्या कायद्याविरुद्ध असं करावं लागतं, यावरून परिस्थिती ओळखा.

वऱ्हाडी वकील
आणि हेच लोक आमच्या कोर्टांना नावं ठेवतात. आमच्याकडे फी माफ असो नसो, प्रत्येक साक्षीदाराचा जबाब लिहिला जातोच. सरतपास, उलटतपास, निशाणी क्रमांकासकट. अपील दाखल झालं की खालून आर अँड पी (खटल्याचं सगळं रेकॉर्ड) मागवायचं, काम सुरू.

रेकॉर्डरूम
लिहिला जातो, पण कसा? साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचं सार सांगतात, टंकलेखक ते टंकतो. प्रश्न जातो, उत्तर 'हे म्हणणे खरे नाही की' अशा साच्यात उरतं. साक्षीदार अडखळला, तीनदा उत्तर बदललं, हे कागदावर येईल याची खात्री नाही. इथे रिपोर्टर असेल तर 'अं' सुद्धा उतरतो. तेव्हा पहिल्या अपिलात 'सगळा पुरावा नव्याने तपासतो' म्हणता ती तपासणी न्यायाधीशाने गाळून दिलेल्या जबाबाची असते, हे आधी मान्य करा.

वऱ्हाडी वकील
गाळून म्हणू नका! वकील समोर उभा असतो, शब्द चुकला तर तिथल्या तिथे हरकत घेतो आणि मुळातले शब्द टिपायला लावतो. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीशाला शेरा लिहिता येतो, दिवाणीत आदेश १८ नियम १२ आहे त्यासाठी. नागपूर खंडपीठात एक दिवस बसून बघा, मग बोला. (शेरा फारसा कुणी लिहीत नाही, एवढं मान्य.)

बाभूळ
तुमचं रिपोर्टर-पुराण चालू द्या, पण दिवाणी आणि फौजदारी एकाच पोत्यात भरू नका. वाचणारा चुकेल.

फेलनीत (गंभीर गुन्ह्यात) रिपोर्टर असतोच. तिथे निकालापासून ६० दिवस, मिस्डिमीनरला ३०, आणि मिस्डिमीनरचं अपील कोर्ट ऑफ अपीलकडे जात नाही, सुपीरियर कोर्टाच्याच अपील विभागाकडे जातं. ऐपत नसेल तर फेलनीच्या अपिलाला वकील सरकारी खर्चाने. त्याला मांडण्यासारखा मुद्दाच सापडला नाही तर तो तसं लिहून देतो, आणि वेंडे निकालाप्रमाणे (१९७९) कोर्ट पूर्ण रेकॉर्ड स्वतः वाचतं. अमेरिकेच्या राज्यघटनेचा हक्क मोडला असेल तर वॉटसनची कसोटी उलटी होते. चॅपमन (१९६७) म्हणतो, चुकीने फरक पडला नाही हे सरकारने वाजवी शंकेपलीकडे दाखवायचं.

आता अडकण्याच्या जागा. गुन्हा कबूल केला असेल आणि कबुलीच्या वैधतेलाच आव्हान द्यायचं असेल तर नुसती नोटीस पुरत नाही. पीनल कोड १२३७.५ खाली शपथेवर कारणं लिहून खालच्या कोर्टाकडे 'सर्टिफिकेट ऑफ प्रोबेबल कॉज' (अपिलाला सकृतदर्शनी कारण असल्याचा दाखला) मागावं लागतं, त्याच ६० दिवसांत. रेकॉर्डबाहेरचं काही असेल, वकिलाने साक्षीदार शोधलाच नाही वगैरे, तर ते अपिलात नाही, हेबियसच्या (बेकायदा कैदेविरुद्धच्या) स्वतंत्र अर्जात.

आणि व्हिसावाल्यांनी हे लक्षात ठेवा. कबुलीचे इमिग्रेशनवरचे परिणाम समजलेच नव्हते, तर कलम १४७३.७ खाली शिक्षा भोगून झाल्यावरही कबुली रद्द करून मागता येते. तो अर्ज खाली फेटाळला तर वरचं कोर्ट व्हिव्हार निकालाप्रमाणे (२०२१) स्वतंत्रपणे तपासतं. कारण खालच्या न्यायाधीशानेही फक्त कागदच वाचलेला असतो. साक्षीदार बघितलाच नाही तर त्याच्यापुढे झुकायचं कशाला? रेकॉर्डरूम, तुमच्या 'चष्म्या'च्या यादीत हे नव्हतं.

रेकॉर्डरूम
नव्हतं, आणि असायला हवं होतं. त्यात ओ.बी. प्रकरणही (२०२०) जोडा: खाली 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुरावा लागत असेल तर वरच्या कोर्टानेही ती वाढीव पातळी धरूनच आधार पुरेसा आहे का ते बघायचं.

वऱ्हाडी वकील
बाभूळ, निर्दोष सुटलेल्यावर सरकारचं अपील?

बाभूळ
इथे नाही. ज्युरीने सोडलं की संपलं, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा धोक्यात घालता येत नाही. भारतात सरकार परवानगी घेऊन जातं आणि पीडितही जाऊ शकते.

वऱ्हाडी वकील
जाऊ शकते, पण चंद्रप्पा निकालानंतर (२००७) दोन मतं शक्य असतील तर आम्हीही सुटका उलटवत नाही. एका न्यायाधीशाने साक्षीदार बघितला याला तिथे आम्हीही वजन देतो. तेवढ्यापुरतं रेकॉर्डरूम यांचं म्हणणं घ्या. कलम ९६ बाबत मी तिथेच आहे.

इंद्रायणी
आणि मी रिपोर्टरवर. एक कामाची गोष्ट कुणीच लिहिली नाही, ती लिहिते. ज्युरीशिवाय चाललेल्या केसमध्ये न्यायाधीशाचा तात्पुरता निर्णय आल्यापासून १० दिवसांत 'स्टेटमेंट ऑफ डिसिजन' (निर्णयाची लेखी कारणं) मागा. सुनावणी एका दिवसात किंवा आठ तासांच्या आत संपली तर मात्र केस निर्णयासाठी सोपवण्यापूर्वीच मागायचं. नाही मागितलं तर निकालाला लागणारा प्रत्येक निष्कर्ष न्यायाधीशाने काढलाच होता असं वरचं कोर्ट गृहीत धरतं. फॅमिली कोर्टात हे रोज हातातून निसटतं.

सनीवेलकर
साक्षीदार आणि ईमेल या दोन ओळी लेखातून काढतो. चूक माझी. 'वकील नसला तरी चालतं' ही ठेवतो, कायद्याने चालतंच, आणि वकिलाचा खर्च परवडत नाही अशांनी दार बंद समजू नये म्हणून ती लिहिली होती.

रेकॉर्डरूम
मग तिच्या खालीच हे लिहा: फाइलिंग फी ७७५ डॉलर, फी माफीचा अर्ज नोटिशीबरोबरच. पैशाचा निकाल अपिलामुळे आपोआप थांबत नाही. थांबवायचा तर रकमेच्या दीडपट शुअरिटी बाँड (हमी कंपनीचा जामीन), आणि व्याज साधारणपणे वर्षाला १० टक्क्यांनी चढतच राहतं. खाली घेतली नाही ती हरकत वर घेता येत नाही. आणि ६० दिवसांचा आकडा ठळक करा.