मदत हवी आहे: उंच गवतात पक्षी कमी झालेत की नुसते दिसत नाहीत?

हिवाळी गवताळ माळावर चंडोल आणि तिरचिमण्या (जमिनीवर वावरणारे छोटे पक्षी) मोजायला 500 मीटरच्या सरळ रेषा चालतोय. प्रत्येक पक्ष्याचं रेषेपासूनचं लंब अंतर रेंजफाइंडरने घेतो. गवताची उंची-दाटी रोबेल काठीने (खुणा आखलेली काठी; गवताने ती किती उंचीपर्यंत झाकली ते वाचायचं): 4 मीटरवरून, डोळा 1 मीटर उंचीवर ठेवून, चारही दिशांनी.

या अंतरांवरून घनता (ठरावीक क्षेत्रात किती पक्षी) काढताना रेषेवरचा प्रत्येक पक्षी दिसला असं गृहीत धरतात. इथेच घोळ होतो. गुडघाभर गवतात तिरचिमणी दबून बसते, पाऊल जवळजवळ अंगावर येईपर्यंत हलत नाही. चरलेल्या भागात उलट: पक्षी आधीच चालत बाजूला सरकतात. म्हणजे गवत वाढलं तरी आकडा खाली येतो आणि ती घट वाटते. खरी घट झाकली जाण्याचा धोकाही तेवढाच.

उपाय म्हणून दोघांनी 25 मीटर दोर गवतावरून ओढून दबलेले पक्षी उठवून पाहायचं ठरतंय. पण दवाने दोर जड होतो, गवत झोपतं, मग काठीचं वाचन चुकतं. म्हणून काठी आधी, दोर दव उतरल्यावर.

दोर किती रेषांवर ओढला तर दुरुस्तीचा गुणक (न दिसलेले पक्षी धरण्यासाठी मोजणीला ज्याने गुणायचं तो आकडा) भरवशाचा मिळेल? एकाच रेषेवर दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ जाऊ देता? भोवत्यांच्या (गवतात रात्र काढणारे शिकारी पक्षी) रातथाऱ्याजवळ दोर अजिबात नको, हे नक्की.